कारण : वैयक्तिक

रजेच्या अर्जात ‘कारण’ नावाचा एक रकाना असतो. नोकरीला लागल्यापासून मी त्यात एकच शब्द लिहीत आलो आहे : वैयक्तिक. बहुतेक साहेब तो वाचतही नाहीत, सही करून मोकळे होतात. पण एक साहेब असे भेटले की त्यांनी खुर्ची जवळ ओढली, आवाज खाली आणला आणि विचारलं, ‘वैयक्तिक म्हणजे? घरी काही प्रॉब्लेम आहे का? अरे, मला सांगायला काय हरकत आहे, आपण एका घरातलेच ना?’

माणूस चांगला होता. काळजीनेच विचारत होता, आणि म्हणूनच माझी पंचाईत झाली. खोचकपणे विचारलं असतं तर ‘नाही सांगायचं’ म्हणता आलं असतं. मायेने विचारणाऱ्याला काय सांगणार? मी एक खोटं कारण ठोकून दिलं. ज्या मोकळेपणासाठी त्यांनी एवढी खुर्ची ओढली, त्यातून निघालं काय, तर त्या दिवसातलं माझं पहिलं खोटं.

पूर्वी नोकरीचा शिरस्ता निराळा होता. घरचं घरी, कामाचं कामावर. कुणाच्या घरात काय जळतंय याचा वासही ऑफिसात यायचा नाही, यायला द्यायचा नाही. त्यात गुदमरलेली माणसं पुष्कळ होती, त्यामुळे ती रीत मोडली याचं मला जराही दुःख नाही. पण आता गाडी पार दुसऱ्या टोकाला गेली आहे. जसे आहात तसे या, अख्खे या, आडपडदा ठेवू नका, असं नव्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी स्लाइडवर लिहिलेलं असतं. जो आपल्याबद्दल बोलतो तो ‘ओपन’, जो बोलत नाही तो ‘जरा क्लोज्ड आहे’. आणि हा ‘क्लोज्ड’ शेरा कधी कधी वर्षअखेरच्या मूल्यमापनातही जाऊन बसतो.

मला ही सगळी एका शब्दाची गल्लत वाटते. कामावर खरं असणं म्हणजे कामाबद्दल खोटं न बोलणं. स्वतःबद्दल किती सांगायचं हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर ज्याचं त्याने द्यायचं, आणि ते उत्तर ‘काहीच नाही’ असं असलं तरी माणूस तसूभरही कमी खरा ठरत नाही.

‘व्यक्ती’ हा आपला शब्द ‘व्यक्त’च्या घरातला. जे प्रकट झालं, दिसलं, ती व्यक्ती. इंग्रजी ‘पर्सन’चं मूळ मात्र लॅटिन ‘पर्सोना’त, आणि पर्सोना म्हणजे नटाचा मुखवटा. एका शब्दाला माणूस म्हणजे उघड झालेलं काहीतरी वाटलं, दुसऱ्याला चेहऱ्यावर चढवलेलं काहीतरी. मला दोन्ही एकाच वेळी पटतं. अर्व्हिंग गॉफमन हा समाजशास्त्रज्ञ १९५० च्या आसपास संशोधनासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर राहिला होता. तिथल्या एका हॉटेलात स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामधल्या दाराशी माणसं कशी बदलतात, ते त्याने बारकाईने टिपलं. दाराच्या आत घरगुती बोलणं, मोकळं वागणं; बाहेर पाऊल पडलं की पाहुण्यांपुढची अदब. यातला खरा माणूस कोणता, हा प्रश्नच मला फोल वाटतो. वाढपी अदबीने वागतो म्हणून खोटा ठरत नाही. शिळं अन्न ताजं म्हणून वाढतो तेव्हा ठरतो.

आता माझ्या हातून झालेली एक गोष्ट सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या टीमचा प्रमुख होतो. वर्षाच्या सुरुवातीला कंपनीने दिवसभराचं एक सत्र ठेवलं. ते घ्यायला बाहेरून आलेल्या बाईंनी सगळ्यांना गोल बसवलं आणि म्हणाल्या, ‘आज प्रत्येकाने असं काहीतरी सांगायचं, जे इथे कुणालाच माहीत नाही.’ सुरुवात माझ्यापासून. कॉलेजात एक वर्ष मी नापास झालो होतो, ते सांगितलं. लोक हसले, शेजारच्याने टाळी दिली. मग एकेक जण बोलत गेला, आणि प्रत्येक जण आधीच्यापेक्षा थोडं खोल जातोय असं जाणवायला लागलं. लिलावात बोली चढावी तसं. सातव्या-आठव्या नंबरला आमच्यातली सगळ्यात तरुण मुलगी होती. दोन वर्षांपूर्वी डिप्रेशनसाठी घेतलेल्या उपचारांबद्दल ती बोलली. फार नाही, चार-पाच वाक्यं. खोली गप्प झाली. बाई म्हणाल्या, ‘थँक यू फॉर शेअरिंग.’ मग ब्रेक झाला.

पाच-सहा महिन्यांनी एका मोठ्या कामासाठी नाव सुचवायची वेळ आली. काम तिच्याच हातचं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. बैठकीत मी म्हणालो, ‘सध्या तिच्यावर एवढं प्रेशर नको टाकायला.’ ‘का?’ असं कुणीच विचारलं नाही. सगळे त्या गोलात बसलेले होते. काम दुसऱ्याला गेलं.

तिला ते कळायला आठवडा लागला असेल. ती माझ्या टेबलाशी आली, उभीच राहिली आणि म्हणाली, ‘सर, मला झेपणार नाही, असं माझ्या कामात तुम्हाला कुठे दिसलं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या कामात तसं काहीच नव्हतं. जे काही दिसलं होतं ते त्या गोलात. माझा हेतू चांगला होता, असं मी काहीतरी पुटपुटलो. ती म्हणाली, ‘हो, ते माहितेय.’ वर्षभरात तिने नोकरी सोडली. या प्रसंगामुळेच सोडली असं मी म्हणू शकत नाही. राजीनाम्यात तिने कारण लिहिलं होतं : वैयक्तिक.

एकाच खोलीत, एकाच तासात आम्ही दोघांनीही आपल्या पडत्या काळाबद्दल सांगितलं. मी त्यातून ‘साहेब असून किती साधा माणूस’ होऊन बाहेर आलो. ती जपून वापरायची वस्तू होऊन बाहेर आली. हा योगायोग नव्हता, हे मला पुढे एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचताना कळलं. १९६६ साली एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत तो केला होता. प्रश्नमंजूषेच्या निवडचाचणीच्या ध्वनिफिती त्यांनी विद्यार्थ्यांना ऐकवल्या. एका उमेदवाराची ९२ टक्के उत्तरं बरोबर, दुसऱ्याची ३० टक्के. काही फितींमध्ये शेवटी कप लवंडल्याचा आवाज येतो आणि उमेदवार म्हणतो, अरे, अंगावर कॉफी सांडली. ज्याची उत्तरं धडाधड बरोबर आली होती तो कॉफी सांडल्यावर ऐकणाऱ्यांना अधिकच आवडला. बेताच्या उमेदवाराने सांडली, तेव्हा तो होता त्याहूनही कमी आवडू लागला. कॉफी तीच.

म्हणून ‘मी माझं सांगितलं, मग तुम्हाला काय अडचण?’ असं विचारणाऱ्या वरिष्ठाला मी आता हात जोडतो. वरच्याने दाखवलेला ओरखडा शोभेचा असतो, खालच्याने दाखवला की तो फाइलला लागतो. ज्याचं स्थान पक्कं आहे त्याला उघडं होणं परवडतं. ज्याला अजून स्वतःला सिद्ध करायचंय, त्याच्याकडून तीच किंमत मागणं म्हणजे मालक आणि गडी यांनी सारखीच वर्गणी काढावी म्हणण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे ज्या प्रश्नाला कायदा मज्जाव करतो तोच प्रश्न खेळाच्या नावाखाली बिनदिक्कत विचारला जातो. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार नोकरी देऊ करण्याआधी उमेदवाराला त्याच्या अपंगत्वाबद्दल विचारता येत नाही. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू झालेला माहिती-संरक्षण कायदा आरोग्याची माहिती विशेष जपणुकीच्या वर्गात टाकतो. या कायद्यांमागे अनुभव आहे : माहिती हातात आली की ती वापरली जाते, आणि वापरणारा बहुतेकदा स्वतःला दयाळू समजत असतो. गोल बसवून ‘मनावरचं ओझं हलकं करा’ म्हटलं, की हे सगळं शहाणपण दाराबाहेर राहतं.

भावनांचा आणि पगाराचा संबंध जुनाच आहे. आर्ली हॉक्शील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली तो विमानातल्या हवाई सुंदरींचा आणि थकबाकी वसूल करणाऱ्यांचा अभ्यास करून मांडला. एकीला सतत गोड राहण्याचे पैसे मिळतात, दुसऱ्याला सतत कडू राहण्याचे. त्यांनी अभिनयाचे दोन प्रकार सांगितले. वरवरचा, म्हणजे आत काहीही असो, चेहऱ्यावर हसू. आणि खोलवरचा, म्हणजे हसू यावं म्हणून आतली भावनाच बदलून घेणं. विमान म्हणजे तुमच्या घरातली बैठकीची खोली आणि प्रवासी म्हणजे पाहुणे अशी कल्पना करा, हे प्रशिक्षणातच शिकवलं जायचं. मला वरवरचा प्रकार नेहमीच अधिक प्रामाणिक वाटत आलाय. चेहरा आठ तासांसाठी भाड्याने दिला, मन आपलं आपल्याकडे राहिलं, व्यवहार स्वच्छ. ‘नुसतं हसू नका, मनापासून हसा, आणि मनापासून हसता येत नसेल तर का येत नाही ते आमच्याशी शेअर करा,’ असं म्हणणाऱ्या कंपनीला चेहऱ्याच्या भाड्यात मनाचाही ताबा हवा असतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच तुम्हाला सांगायचंय ना? मग ज्यांची मूठ दुसऱ्यांनी जबरदस्तीने झाकून ठेवलीय त्यांचं काय?

२०१३ साली केंजी योशिनो आणि ख्रिस्टी स्मिथ या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांची पाहणी केली. ६१ टक्के लोकांनी सांगितलं की आपल्या ओळखीचा काही ना काही भाग आम्ही कामावर झाकतो. गोऱ्या, भिन्नलिंगी पुरुषांमध्येसुद्धा हे प्रमाण ४५ टक्के होतं. आई असलेली बाई टेबलावर मुलांचा फोटो ठेवत नाही. कुणी उच्चार बदलतो. कुणी काठी न घेता जिने चढतो. समलिंगी माणूस सोमवारी ‘वीकेंडला काय केलं?’ या साध्या प्रश्नावर अडखळतो. मराठीत तर क्रियापदच चुगली करतं. ‘आला’ म्हणावं की ‘आली’, हे टाळण्यासाठी तो वर्षानुवर्षं ‘घरचे आले होते’ म्हणत राहतो. अशा माणसाला ‘सीमा पाळणारा’ म्हणून शाबासकी देणं ही त्याची क्रूर थट्टा आहे. त्याचा तोंड दाबून बुक्क्यांचा मार चाललाय.

बाहेरून बघणाऱ्याला तो आणि मी सारखेच दिसतो. दोघेही सांगत नाही. फरक पडद्याच्या दोरीत आहे, ती कुणाच्या हातात आहे त्यात. उद्या मी सांगितलं तर माझं काही बिघडणार नाही, तरीही मला सांगायचं नाहीये. ही माझी खासगी जागा. सांगितलं तर बढती जाईल, कुजबुज होईल, शेजारचा खुर्ची सरकवेल, म्हणून तो सांगत नाहीये. ती त्याची कैद. कैदेवरचा उपाय ‘बोला, बोला’ असा आग्रह करण्यात नाही. सांगितल्याने जे नुकसान होतं ते आधी बंद करा, मग तो सांगेल किंवा नाही सांगणार, त्याची मर्जी. आग्रहाने पडदा ओढला तर दोरी पुन्हा दुसऱ्याच्याच हातात जाते, एवढंच होतं.

म्हणून एखादी कामाची जागा मोकळी आहे की नाही हे मी एकाच गोष्टीवरून जोखतो : तिथे कारण न देता ‘नाही’ म्हणता येतं का? लोक किती सांगतात यावरून काही कळत नाही. धाकापोटीही माणसं खूप बोलतात.

मग कामावर खरेपणा हवा तरी कुठे? हवा, आणि पुष्कळ हवा. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला. चांगल्या टीमच्या हातून औषधांच्या चुका कमी होत असणार, असा तिचा अंदाज होता. आकडे उलटे आले; चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त. खोलात गेल्यावर दिसलं ते असं, की तिथे चुका सांगायची सोय होती, म्हणून त्या नोंदल्या जात होत्या. इतरत्र त्या दाबल्या जात असाव्यात. यातूनच पुढे, १९९९ साली, तिने टीममधल्या ‘मानसिक सुरक्षितते’ची कल्पना मांडली, आणि आज हा शब्द त्या गोल बसवणाऱ्या प्रत्येक सत्राच्या पत्रकावर असतो. पण मुळात गोष्ट काय होती? परिचारिकांनी आपलं बालपण उघड केलं नव्हतं. औषध चुकलं, हे सांगितलं होतं.

ऑफिसला खरी धास्ती असल्याच सत्याची असते. ‘ही तारीख गाठता येणार नाही.’ ‘हे मला येत नाही, शिकवा.’ ‘चूक माझी होती.’ ‘ग्राहकाला आपण जे सांगतोय ते खरं नाही.’ ज्या कंपनीत बालपणीच्या जखमा ऐकायला अख्खा दिवस असतो, तिथेच ‘साहेब, ही डेडलाइन पहिल्या दिवसापासून खोटी आहे’ हे वाक्य ऐकायला दहा मिनिटं नसतात. जखमा ऐकणं तुलनेने स्वस्त पडतं. डोळे ओले होतात, कॅलेंडर जसंच्या तसं राहतं.

वेळेची सीमा आखायचं काम काही देशांनी कायद्याने केलंय. फ्रान्समध्ये पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना १ जानेवारी २०१७ पासून कामाबाहेर फोन-ईमेलपासून सुटका मिळण्याबाबत कामगारांशी बोलणी करावी लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून, नकार अवाजवी नसेल तर, कामाच्या वेळेबाहेरच्या निरोपाला उत्तर न देण्याचा हक्क मिळाला. चांगलंच झालं. पण रात्री दहाचा फोन बंद करणं सोपं आहे. दुपारी तीनच्या प्रेमळ चौकशीला कोणता कायदा आवरणार?

तिथे ज्याचं त्यालाच शिकावं लागतं. मला उशिरा कळलेली एक गोष्ट म्हणजे, कारण दिलं की बोलणी सुरू होतात. ‘शनिवारी जमणार नाही, मुलाला ताप आहे,’ म्हणालात की पुढचा प्रश्न येतो, ‘किती आहे? घरी दुसरं कुणी नाही का?’ आता तुम्ही तुमच्या घरातल्या माणसांचा हिशेब साहेबाला देत बसता. ‘शनिवारी जमणार नाही, सोमवारी सकाळी अकराला फाइल तुमच्याकडे असेल,’ एवढं म्हटलं तर बोलायला उरते फक्त फाइल. परिणामावर कंपनीचा हक्क आहे. मी कधी नाही, माझ्या गैरहजेरीत काम कसं होईल, माझा वेग पुढचे दोन महिने कमी असेल, हे लपवणं लबाडी आहे. कारणावर मात्र तिचा हक्क नाही. (ज्याच्या हातात शंभर माणसांचा जीव आहे त्या वैमानिकाची गोष्ट वेगळी, हे कबूल. पण आपल्यातले बहुतेक जण एक्सेल शीट उडवतात.)

सीमा ऐकणाऱ्यालाही असते, हे मात्र कुणी बोलत नाही. रोज सकाळी आपल्या संसाराचा ताजा अंक शेजारच्या टेबलावर वाचून दाखवणारा एक सहकारी प्रत्येक ऑफिसात असतो. तो स्वतःला दिलखुलास समजतो. शेजारच्याला उठून जाता येत नाही, सल्ला दिला तर वाईट, नाही दिला तर दगड. माझ्या शेजारी असा एक होता. त्याच्या घटस्फोटाच्या प्रत्येक तारखेला मी मनाने हजर होतो, आणि त्याला मात्र माझ्या मुलीचं नावही माहीत नव्हतं. तो खोटा नव्हता. फक्त, ऐकण्याची समोरच्याची तयारी आहे का हे त्याने कधीच विचारलं नाही. माझ्या त्या खुर्ची ओढणाऱ्या साहेबांचा आणि याचा दोष एकच.

साहेबाने मग कोरडं व्हावं का? मुळीच नाही. ‘काही लागलं तर सांग, कामाचं मी बघतो,’ हे एकदा म्हणावं आणि गप्प बसावं. हे गप्प बसणं कठीण असतं, कारण त्यात आपण किती चांगले आहोत हे दिसण्याची सोय नसते. मीही अजून शिकतोच आहे.

आमच्या रजेच्या सॉफ्टवेअरमधून ‘कारण’ हा रकाना काढून टाका, असं मी एचआरला दोनदा लिहिलं. उत्तर आलं की रकाना अनिवार्य आहे, रिकामा ठेवला तर अर्ज पुढे सरकत नाही. मग मी टीमला सांगितलं, काहीही टाका. काही जण अजूनही सविस्तर लिहितात, सवय असते. गेल्या महिन्यात नव्याने लागलेल्या एका मुलाने त्यात नुसतं टिंब टाकलं. दुसऱ्या दिवशी तो समोर आला तेव्हा जरा चाचरत म्हणाला, ‘सर, ते कारण...’

मी विचारलं, ‘किती दिवस?’

‘दोन.’

‘तुझं काम कोण बघणार?’

त्याने नाव सांगितलं. अर्ज मी सकाळीच मंजूर केला होता.